सातची गाडी आणि चौकोनांची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी उतारा. जिथं फारच वाहवत गेलो तिथं थोडी काटछाट केलीय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्या फजितीनं करतो. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. आपल्या शहराचं नाव तेव्हा अजून औरंगाबाद होतं. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण चूक कॉलेजची नव्हती, आमची होती. आम्हा चौघांचा प्रोजेक्ट होता एसटीचं रिझर्वेशन. दर वर्षी कुणीतरी करतंच तो. जावामध्ये लिहिला, स्क्रीन झकास, लाल पांढऱ्या रंगात आसनं दिसायची. परीक्षेला बाहेरून आलेले सर शांतपणे बसले आणि म्हणाले, सोमवारच्या सातच्या पुणे गाडीत १४ नंबरचं आसन बुक करा. केलं. तिकीट आलं. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. मग सर म्हणाले, आता मंगळवारच्या सातच्या गाडीत तेच आसन द्या.

आसन उपलब्ध नाही.

बुधवारी? उपलब्ध नाही. पुढच्या महिन्यात? नाही म्हणजे नाहीच. एकदा कुणी १४ नंबर घेतला की तो जन्मभर त्याचाच. सरांनी मग आमचं जाडजूड ब्लॅक बुक उघडलं. त्यात छान छापलेला क्लास डायग्राम होता. चौकोन, रेघा, टोकाला बाण, सगळं. सरांनी एका चौकोनावर बोट ठेवलं. ‘बस’ नावाचा चौकोन, आणि त्याच्या पोटात ‘आसनं’. म्हणाले, "चूक इथंच दिसतेय. हे काढताना दिसली नाही का?"

खरं उत्तर असं होतं की तो डायग्राम आम्ही काढलाच नव्हता. कोड आधी लिहून झाला, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री एका टूलनं कोडवरून चित्र काढून दिलं. आम्ही फक्त प्रिंट मारली. एका ठिकाणी तर टूलच्या कंपनीचा वॉटरमार्कसुद्धा तसाच राहिला होता. (इथं रेकॉर्डिंगमध्ये मी बराच वेळ हसतोय, तो भाग कापला.)

तुमच्यातल्या कित्येकांनी हेच केलं असेल किंवा या वर्षी करणार असाल. म्हणून आजचा विषय हा: हे चौकोन आणि बाण आले कुठून, कुणी कुणासाठी काढले, आणि ते शिकून खरंच काही मिळतं का.

गोष्ट कॉम्प्युटरच्याही आधीची आहे. १९२१ मध्ये अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या नवराबायकोनं मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे ‘प्रोसेस चार्ट’ मांडला. कारखान्यात एखादी वस्तू कुठून कुठं जाते, कुठं थांबते, कुठं तपासली जाते, हे खुणांनी दाखवायचं. पुढे १९४७ मध्ये हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन न्यूमन यांनी कॉम्प्युटरसाठी गणितं कशी मांडायची यावर अहवाल लिहिला, त्यात फ्लो डायग्राम आले. त्यातूनच आपला फ्लोचार्ट. हो की नाही विचारणारा तो शंकरपाळा आठवतोय ना? तोच.

फ्लोचार्ट एकच गोष्ट चांगली सांगतो: आधी काय, मग काय. रेसिपीसारखं. पण एसटी म्हणजे काही रेसिपी नाही. तिथं आगार आहे, गाड्या आहेत, ड्रायव्हर कंडक्टर आहेत, प्रवासी आहेत, आणि सगळे एकाच वेळी आपापलं काम करतायत. हे जग कागदावर कसं मांडायचं, हा प्रश्न पहिल्यांदा नीट पडला तो नॉर्वेत.

ओस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन निगार्ड आणि ओले योहान डाल हे दोघं होते. त्यांना रांगा, वाहतूक, कारखाने अशा गोष्टींची नक्कल कॉम्प्युटरवर चालवायची होती. त्यासाठी त्यांनी सिम्युला नावाची भाषा बनवली. १९६७ च्या आवृत्तीत क्लास आणि ऑब्जेक्ट, एका क्लासवरून दुसरा क्लास काढायची सोय, हे सगळं आलं. या दोघांनी स्वतःच लिहून ठेवलेला एक किस्सा आहे. १९६७ साली तिथं नवीनच लागलेली एक व्यक्ती घाबरून टेलिफोन ऑपरेटरकडे गेली, म्हणाली वरच्या मजल्यावर फळ्यापुढे दोन माणसं जोरजोरात भांडतायत, काय करू? ऑपरेटरनं जरा कान दिला आणि सांगितलं की काळजी नको, डाल आणि निगार्ड सिम्युलावर चर्चा करतायत.

मला यातला फळा महत्त्वाचा वाटतो. ऑब्जेक्टची कल्पना जन्मली तीच फळ्यापुढे, दोघांच्या भांडणात. पण तिथं काय खुणा काढायच्या याचा नियम काही नव्हता. तो यायला अजून तीस वर्षं लागली.

मधल्या काळातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट डेव्हिड हॅरेल यांची. ते इस्रायलमधले गणिताच्या बाजूचे कॉम्प्युटर शास्त्रज्ञ. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं लावी नावाचं लढाऊ विमान बनत होतं आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेसाठी हॅरेल सल्लागार म्हणून जायचे. इंजिनिअर हुशार, प्रत्येकाला आपलं काम पाठ. पण अमुक परिस्थितीत तमुक बटण दाबलं तर काय होतं, असं विचारलं की पंचाईत. जाडजूड दस्तऐवजात वेगवेगळ्या पानांवर वेगवेगळी उत्तरं. हॅरेल मग त्यांच्याबरोबर बसून फळ्यावर अवस्था काढू लागले. गोलसर कोपऱ्यांचे डबे, डब्यात डबे, एका अवस्थेतून दुसरीत जाणारे बाण. स्टेटचार्ट म्हणतात ते हेच, १९८७ मध्ये त्यावरचा त्यांचा पेपर छापून आला.

पण मजा पुढं आहे. एकदा हवाई दलाचा एक पायलट सहज त्या खोलीत आला. फळ्याकडे बघून विचारलं हे काय. हॅरेलनी दोन मिनिटांत समजावलं. पायलटनं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, हा बाण चुकलाय, इथं नाही, तिथं जायला पाहिजे. आणि त्याचं बरोबर होतं! प्रोग्रामिंगचा गंध नसलेल्या माणसानं चित्रात चूक काढली, कारण विमान त्याला ठाऊक होतं आणि चित्र त्याला वाचता आलं. हा पायलट लक्षात ठेवा, शेवटाकडे तो आपल्याला परत भेटणार आहे, फक्त वेगळ्या गणवेशात.

आता १९८० ते ९० चा काळ. सी प्लस प्लस आली, स्मॉलटॉक गाजत होती, सगळ्यांना ऑब्जेक्ट हवे होते. आणि आकृत्या काढायच्या पद्धती तर पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या. १९८९ मध्ये दहासुद्धा नव्हत्या, १९९४ पर्यंत पन्नासच्या वर गेल्या. या काळाला तिकडं ‘मेथड वॉर्स’ म्हणतात, पद्धतींची लढाई. एका कंपनीत क्लास म्हणजे चौकोन, दुसरीत गोल, तिसरीत भलतंच काही. नोकरी बदलली की बाराखडी परत गिरवा.

यातले तीन जण मोठे. पहिले ग्रेडी बूच, अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीत शिकलेले. त्यांच्या आकृतीत क्लास म्हणजे चक्क ढग. तुटक रेषेचा वेडावाकडा ढग. कल्पना सुंदर, कारण क्लास ही काही टणक वस्तू नाही, ती एक कल्पना आहे. पण हातानं वीस ढग काढून बघा जरा! दुसरे जेम्स रंबॉ, जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडीच्या संशोधन केंद्रातले. त्यांनी चार सहकाऱ्यांबरोबर १९९१ मध्ये ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड मॉडेलिंग अँड डिझाइन’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचा क्लास म्हणजे सरळ चौकोन, तीन कप्प्यांचा: वर नाव, मधे माहिती, खाली कामं. तिसरे इव्हार जेकबसन, स्वीडनचे, एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजवर काम केलेले. एक्स्चेंजवर काम केलेला माणूस आधी विचारतो की ग्राहक काय करणार: रिसीव्हर उचलणार, टोन ऐकणार, नंबर फिरवणार, समोरचा बिझी असला तर ठेवून देणार. या अशा एका पूर्ण व्यवहाराला त्यांनी स्वीडिश भाषेत एक शब्द वापरला, त्याचं इंग्रजीत झालं ‘यूज केस’. काडीचा माणूस आणि लंबगोल, तुम्ही जे ब्लॅक बुकच्या पहिल्या पानावर चिकटवता, ते जेकबसन यांच्याकडून आलेलं.

बूच रॅशनल नावाच्या कंपनीत होते. १९९४ मध्ये रंबॉ तिथं आले. १९९५ मध्ये दोघांनी एकत्र पद्धतीचा मसुदा जाहीर केला, त्याच सुमारास जेकबसनही येऊन मिळाले. लोक या तिघांना थ्री अमिगोज म्हणायला लागले. आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेनं त्यांच्या युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेजला, म्हणजे यूएमएलला, मानक म्हणून मान्यता दिली. ढग हरले, चौकोन जिंकले. हॅरेल यांचे स्टेटचार्टही त्यात घेतले गेले.

आता जरा आपल्या गावाकडे या.

वाळूजला किंवा चिकलठाण्याला कुणाचे वडील, काका एखाद्या वर्कशॉपमध्ये असतील तर विचारा. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने उभे राहिले. तिथं ड्रॉइंगशिवाय पान हलत नाही. ड्रॉइंग आलं, त्यावर मापं आहेत, किती सूट चालेल ते आहे, मग लेथवर धातू चढतो. पुण्यात काढलेलं ड्रॉइंग वाळूजचा टर्नर वाचतो आणि दोघांनी एकमेकांचं तोंडसुद्धा बघितलेलं नसतं. पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये आपण जे फर्स्ट अँगल प्रोजेक्शन रडतखडत शिकतो ना, ते त्यासाठी. सगळ्यांची एकच लिपी.

यूएमएलवाल्यांचं स्वप्न अगदी हेच होतं. डिझाइन करणारा मोठा आर्किटेक्ट चित्र काढणार, ते चित्र दुसऱ्या शहरातला, दुसऱ्या देशातला प्रोग्रामर वाचणार आणि कोड ‘तासून’ देणार. १९९७ नंतर आपल्याकडून पुण्याला नोकरीला गेलेल्या दादा ताईंना विचारा, त्यांच्यापैकी अनेकांचं काम तेच होतं. डिझाइन तिकडून यायचं, कोड इथून जायचा.

पण धातू आणि कोड यात एक मोठा फरक आहे. जॅक रीव्हज नावाच्या माणसानं १९९२ मध्येच तो लिहून ठेवला होता. धातूचं काम महाग, चुकलं तर माल भंगारात. म्हणून आधी ड्रॉइंगवर घाम गाळायचा. सॉफ्टवेअरमध्ये ‘माल बनवणं’ म्हणजे कंपाइल करणं, ते जवळजवळ फुकट. मग खरं ड्रॉइंग कुठलं? रीव्हज म्हणतात, कोड हेच ड्रॉइंग. त्याच्या आधीचं चित्र म्हणजे ड्रॉइंगचं ड्रॉइंग. मला हे सगळं पटत नाही, पण यातलं बरंच खरं आहे. चित्र काढलं, कोड बदलला, चित्र बदलायचं राहिलं, सहा महिन्यांनी चित्र खोटं बोलतंय. असं घडलेलं नाही अशी टीम मी तरी बघितली नाही.

मग यावर एक उपाय असा की चित्रावरूनच कोड निघू दे. म्हणजे खोटं बोलायचा प्रश्नच नाही. आणि या उपायावर सगळ्यात चिकाटीनं काम जिथं झालं त्यातलं एक ठिकाण आपल्या पुण्यात आहे. हे अभ्यासक्रमात कुणी का सांगत नाही कळत नाही.

१९८१ मध्ये पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर सुरू झालं. टीसीएसचे फकीरचंद कोहली यांचा त्यामागे मोठा हात होता. सॉफ्टवेअर कंपनीनं संशोधन केंद्र काढणं हेच तेव्हा भारतात नवल. तिथं विनय कुलकर्णी, श्रीधर रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे १९९० च्या दशकात एक अगदी धंद्याचा प्रश्न होता. बँकेचं सॉफ्टवेअर बनवायचं. एका बँकेला ते एका मशीनवर हवं, दुसरीला दुसऱ्यावर. आज एक डेटाबेस, उद्या दुसरा. आज टर्मिनलचा स्क्रीन, उद्या ब्राउझर. पण खातं, ठेव, व्याज, हप्ता हे तर तेच! मग दर वेळी सगळं परत का लिहायचं?

त्यांनी केलं असं: धंद्यातल्या गोष्टींचं मॉडेल एकदा बनवायचं. स्क्रीनचं मॉडेल वेगळं, कामकाजाचं वेगळं, डेटाबेसचं वेगळं, आणि ही तिन्ही एकमेकांशी जुळतायत का हे टूल तपासणार. धंद्याचे नियम वरच्या पातळीवरच्या भाषेत लिहायचे. मग ज्या मशीनवर पाहिजे त्या मशीनसाठी कोड टूलच काढून देणार. या टूलचं नाव मास्टरक्राफ्ट. टीसीएसनं मोठमोठ्या प्रोजेक्टमध्ये ते वापरलं. कुलकर्णी आणि रेड्डी यांनी २००३ मध्ये आयट्रिपलई सॉफ्टवेअर या मासिकात त्यामागचा विचार मांडला. एका मॉडेलचं दुसऱ्यात रूपांतर कसं करायचं याचं क्यूव्हीटी नावाचं जे आंतरराष्ट्रीय मानक पुढे आलं, त्याच्या कामातही टीसीएस होती.

हे समजायला अवघड वाटत असेल तर आपल्या हिमरूच्या मागावर जा. डिझाइन आधी आलेखाच्या कागदावर, एकेक घर भरून. त्यावरून जाड पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. ते पुठ्ठे मागाच्या डोक्यावर चढवले की कुठला ताणा वर उचलायचा ते पुठ्ठाच ठरवतो. कागदावरची बुट्टी कापडावर उतरते, विणकराला ती पाठ असण्याची गरज नाही. रेशमाचा रंग बदला, पुठ्ठे तेच. मास्टरक्राफ्टचं तत्त्व थोडक्यात हेच.

पण हिमरूचा कारागीर तुम्हाला हेही सांगेल की पुठ्ठे बनवणं हेच खरं किचकट काम. दहा हजार मीटर एकाच बुट्टीचं विणायचं असेल तर परवडतं. एकच शाल हवी असेल तर नाही. सॉफ्टवेअरचंही तसंच झालं. मोठ्या कंपनीला, एकसारखी दहा बँकांची कामं असतील तर मॉडेलवरून कोड काढणं फायद्याचं. चार जणांच्या टीमला ते टूल शिकण्यातच वर्ष जायचं. शिवाय चित्रावरून कोड काढायचा तर चित्रात काहीही गाळून चालत नाही. मग चित्र इतकं भरगच्च होतं की कोड वाचलेला परवडला.

यूएमएलही फुगतच गेलं. २००५ च्या सुमारास दुसरी मोठी आवृत्ती आली. आज त्यात चौदा प्रकारचे डायग्राम आहेत आणि त्याचा अधिकृत दस्तऐवज सुमारे ८०० पानांचा आहे. इकडं २००१ मध्ये अजाइलचा जाहीरनामा आला, की बाबांनो कागदापेक्षा चालणारं सॉफ्टवेअर महत्त्वाचं. रॅशनल कंपनी आयबीएमनं दोन अब्ज डॉलरहून जास्त किमतीला विकत घेतली, २००३ मध्ये सौदा पूर्ण झाला. बाहेरून सगळं जोरात दिसत होतं. आतून लोक वापर सोडत होते.

किती सोडला, याचा एक आकडा आहे. मरियन पेट्रे या ब्रिटनमधल्या प्राध्यापिकेनं अनुभवी सॉफ्टवेअर इंजिनिअरांच्या मुलाखती घेतल्या आणि २०१३ मध्ये पेपर मांडला. पन्नास जण होते. पैकी ३५ जण यूएमएल वापरतच नव्हते. कोड काढण्यासाठी वापरणारे ३. सगळं यूएमएल मनापासून वापरणारा? शून्य. आणि ११ जण असे होते जे गरजेपुरतं, निवडून वापरायचे: फळ्यावर एखादा क्लास डायग्राम, एखादा सीक्वेन्स, समोरच्याला समजेपर्यंत. समजलं की पुसून टाकलं.

हे अकरा जण काय करत होते, तेच खरं शिकण्यासारखं आहे, आणि आपल्याला परीक्षेसाठी नेमकं उलटं शिकवतात. चौदा डायग्रामची नावं पाठ, सात मार्क. पोकळ डायमंड आणि भरीव डायमंड यातला फरक, चार मार्क. ‘कुणाला काय विचारायचं आहे म्हणून हे चित्र काढतोय’ या प्रश्नाला मार्क नाहीत.

तर परत माझ्या फजितीकडे येतो. प्रोजेक्ट कसाबसा पास झाला. सुट्टीत मामाकडे गेलो. माझे मामा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर आहेत. मी ओसरीवर वही घेऊन बसलेलो. मामा म्हणाले, "सुट्टी लागली ना रे? अजून काय लिहायलास?"

मी सांगितलं सगळं. आसन १४ ची कथा. मामा हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही आसन गाडीला लावलं. आसन फेरीला लावतात."

मी म्हटलं, "मामा, पण तुम्हीच म्हणता ना, सातच्या गाडीत जागा नाही?"

"म्हणतो की. पण सातची गाडी म्हणजे गाडी नव्हे रे. आज सातला एक गाडी जाईल, उद्या दुसरीच लावतील. सातची गाडी म्हणजे सातची फेरी. आमचं वेबिलसुद्धा ड्युटीला असतं, गाडीला नाही."

मंडळी, क्लास कसे शोधायचे याची एक जुनी युक्ती पुस्तकात असते. रसेल ॲबट यांनी १९८३ मध्ये ती मांडली, बूच यांनी पुढे वापरली. प्रश्न साध्या भाषेत लिहा, त्यातली नामं अधोरेखित करा, ते तुमचे क्लास; क्रियापदं अधोरेखित करा, ती तुमची कामं. आम्ही तेच केलं होतं की! आमच्या वाक्यात नाम एकच होतं: गाडी. पण आपल्या बोलण्यात ‘गाडी’ या एका शब्दात दोन वस्तू बसलेल्या असतात. एक लोखंडाची, नंबर प्लेट असलेली. दुसरी वेळापत्रकातली. ‘गाडी पंक्चर झाली’ यातली गाडी वेगळी आणि ‘गाडी चुकली’ यातली वेगळी. व्याकरणाला दोन्ही सारखीच दिसतात. कंडक्टरला नाही दिसत.

मग मी वहीत चौकोन काढला: ‘फेरी’. त्यात तारीख आणि सुटायची वेळ. दुसरा चौकोन ‘गाडी’, त्यात नंबर आणि एकूण आसनं किती ते. तिसरा ‘तिकीट’, त्यात आसन क्रमांक. तिकिटाची रेघ गाडीला नाही, फेरीला. एका फेरीला अनेक तिकिटं, म्हणून तिकिटाच्या टोकाला तारा. एक गाडी आज उद्या परवा अनेक फेऱ्या करते, म्हणून गाडी ते फेरी रेघ, फेरीच्या टोकाला तारा, गाडीच्या टोकाला १. संपलं. तीन चौकोन, दोन रेघा. पोकळ डायमंड नाही, भरीव डायमंड नाही. हे दहा मिनिटं आधी काढलं असतं तर सोमवारचं १४ नंबर मंगळवारी मोकळं असतं.

आणि बघा, क्लास डायग्राम एवढंच सांगतो की कोण आहे आणि कुणाशी जोडलेलं आहे. वेळ त्यात नाही. तिकीट आधी राखलं, मग पैसे भरले, किंवा भरलेच नाहीत आणि सुटलं, किंवा रद्द केलं, ही तिकिटाची जन्मकथा. तिला हॅरेल यांचे डबे आणि बाण लागतात. पैसे भरायच्या आत फोनची बॅटरी गेली तर ते आसन किती वेळ अडकून राहणार, हा प्रश्न स्टेट डायग्राम काढताना आपोआप पडतो, कारण एका डब्यातून बाहेर जाणारा बाणच नसतो. आणि मोबाइल, बँक, एसटीचा सर्व्हर यांचं आपसात कोण कुणाला काय म्हणालं, यासाठी सीक्वेन्स डायग्राम. उभ्या रेघा, आडवे बाण, वरून खाली वेळ. हे तीन येत असतील तर माझ्या मते नोकरीत पुरतं. बाकीचे अकरा लागतील तेव्हा उघडून बघा.

काढायचे कशात? फळा असेल तर फळा. वही असेल तर वही. मोबाइलवर असाल तर हल्ली मर्मेड किंवा प्लँटयूएमएल आहे: चार ओळी मजकूर लिहायचा, चित्र आपोआप तयार. गिटहबवर २०२२ पासून मर्मेडची चित्रं थेट दिसतात. कोडशेजारीच तो मजकूर ठेवला तर कोड बदलताना निदान डोळ्यासमोर तरी असतो. एआयला सांगितलं तर तोही चित्र काढून देतो, आणि छान देतो. पण आम्ही तेव्हा टूलकडून काढून घेतलं होतं तसंच ते असतं. त्याला ‘गाडी’ म्हणालात तर तो गाडीच काढणार.

तर परवा, हा भाग रेकॉर्ड करण्याआधी, मी मर्मेडमध्ये ते जुनं चित्र परत काढलं आणि मोबाइलवर मामांना दाखवलं. चष्मा लावला, स्क्रीन लांब धरली. मी रेघा कशा वाचायच्या ते सांगितलं: इथं १ म्हणजे एका फेरीला एकच गाडी.

मामा म्हणाले, "एकच?"

"हो मामा."

"आणि वाटेत बंद पडली की?"

मी गप्प. मामा पुढं बोलतच होते, की नगरच्या पुढं गाडी बसली, मागून दुसरी मागवली, सगळी माणसं तिच्यात घातली. फेरी तीच, तिकिटं तीच, गाडी दुसरी. आणि दुसरी गाडी चार आसनांनी लहान निघाली, तर मागचे चार जण पुण्यापर्यंत कुणाच्या डोक्यावर बसवायचे?

मी ‘१’ खोडून तिथं ‘१..*’ लिहिलं. चार आसनांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर चित्र काढून पाठवा, मामांना दाखवतो.